विश्वासघात, विश्वासूपणा आणि प्रभूचं मेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आमच्या प्रार्थना-संगतीत हे प्रश्न दरवर्षी येतात. काही सगळ्यांसमोर विचारले जातात. बरेचसे मात्र संगत संपल्यावर, दारात चपला घालताना, हळू आवाजात. दारातलेच प्रश्न जास्त खरे असतात, म्हणून इथे त्यांना जास्त जागा दिली आहे. मी पाळक नाही, मंडळीतली एक साधी सभासद आहे. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना आणि लोकांचं ऐकताना जे हाती लागलं, ते लिहिते आहे.

विश्वासघातासाठी शास्त्रात नेमका कोणता शब्द आहे?

आपल्या मराठी शास्त्रात येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्याबद्दल ‘धरून देणे’ असं येतं. “तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल.” लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की शब्दाकडे लक्षच जात नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘पारादिदोमी’. त्याचा साधा अर्थ हवाली करणे, दुसऱ्याच्या हाती देणे.

हा शब्द पुढे कुठे कुठे जातो ते पाहण्यासारखं आहे. यहूदा येशूला याजकांच्या हवाली करतो, याजक रोमी सुभेदार पिलाताच्या, पिलात वधस्तंभासाठी शिपायांच्या. आणि रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल लिहितो की देवाने स्वतःच्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांकरता दिलं, तिथेही क्रियापद हेच. गलतीकरांस पत्रात येशूने ‘स्वतःला माझ्याकरता दिले’, तिथेही हेच. माणसांनी ज्याला विकून हवाली केलं, तो त्याआधीच स्वतःला देऊन बसला होता. ही गोष्ट मला कुठल्याही उपदेशापेक्षा या एका क्रियापदाने जास्त समजावली.

यहूदाने हे पैशासाठी केलं का?

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, मत्तय चांदीच्या ३० नाण्यांचा आकडा देतो. निर्गमच्या २१ व्या अध्यायात बैलाने कुणाचा दास मारला तर मालकाला द्यायची भरपाई ३० शेकेल आहे. म्हणजे एका गुलामाची किंमत. त्याआधी थोडेच दिवस बेथानीत मरियेने येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावलं, तेव्हा याच यहूदाने हिशेब केला होता की हे ३०० दिनारांना विकता आलं असतं. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, तेव्हा ३०० दिनार म्हणजे जवळजवळ वर्षाची मजुरी. योहान म्हणतो, पैशांची डबी यहूदाकडे असे आणि तो तिच्यातलं चोरीत असे. लूक म्हणतो, सैतान त्याच्यात शिरला.

शुभवर्तमानं यापुढे जात नाहीत. त्याला बंड हवं होतं, तो निराश झाला होता, असं बरंच काही लोक सुचवतात. मी त्यात भर घालणार नाही.

येशूला आधीपासून माहीत होतं. मग त्याने यहूदाला थांबवलं का नाही?

या प्रश्नापाशी मी सर्वांत जास्त रेंगाळते.

धरून दिलं त्या रात्री, शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणात, येशूने तीन गोष्टी केल्या आणि त्या तिन्ही एकत्रच वाचायला हव्यात. त्याने बारा जणांचे पाय धुतले. यहूदा तेव्हा खोलीत होता, त्याचेही धुतले. मग सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की तुमच्यापैकीच एक जण मला धरून देणार आहे. आणि मग घास ताटात बुडवून यहूदाला दिला. घास घेऊन तो लगेच बाहेर गेला. योहान तिथे एवढंच लिहितो, “तेव्हा रात्र होती.”

आपण पाय धुणं लक्षात ठेवतो, घास लक्षात ठेवतो, आणि मधली गोष्ट सोडून देतो. येशूने विश्वासघात झाकला नाही. कुटुंबाची अब्रू, मंडळीचं नाव, बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील, असलं काहीही त्याने मेजावर आणलं नाही. जे घडणार होतं ते त्याने शब्दांत सांगितलं. सांगताना तो स्वतः व्याकूळ झाला होता, हेही योहान नोंदवतो. प्रेम करणं आणि खरं बोलणं या दोन गोष्टी त्याने एकाच जेवणात केल्या.

ज्याला आपण विश्वासूपणा म्हणून शिकवतो तो कितीदा तरी नुसता गप्प बसण्याचा दुसरा प्रकार असतो. सुनेने गप्प बसावं, फसवला गेलेल्या भावाने गप्प बसावं, कोशाध्यक्षाच्या वहीत खाडाखोड दिसली तरी सभेत कुणी बोलू नये. वरच्या माडीवरच्या त्या जेवणात मला याला कुठेच आधार सापडत नाही.

आणि एक. बारा जणांतल्या एकालाही यहूदाचं नाव पटकन सुचलं नाही. प्रत्येकाने विचारलं, “प्रभुजी, मी आहे काय तो?” यहूदानेही विचारलं, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी ‘प्रभुजी’ नाही, ‘गुरुजी’ आहे.

सगळं ठरलेलंच होतं, तर यहूदाचा दोष कसा?

येशूने एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत. मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो खरा. पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याच्यासाठी हाय हाय. देवाने वाईटातून तारण काढलं म्हणून वाईट करणारा सुटत नाही. याहून सोपं उत्तर कुणी देत असेल तर वाक्याचा अर्धा भाग गाळला गेला आहे का, ते बघा.

येशूचा शिष्य पेत्र यानेही येशूला तीनदा नाकारलं. मग एकाचं नाव शिवी झालं आणि दुसऱ्याच्या नावाने चर्च उभी राहिली, हे कसं?

मराठीत फितुरीला सूर्याजी पिसाळ हे नाव चिकटलं, तसं ख्रिस्ती घरांत यहूदाचं. पण त्या रात्री पळाले सगळेच. मार्क स्पष्ट लिहितो, सगळे त्याला सोडून पळून गेले.

पेत्राचा प्रसंग जवळून पाहा. प्रमुख याजकाच्या वाड्याचं अंगण, थंडी, चाकरांनी पेटवलेला कोळशांचा विस्तव. एक दासी विचारते, मग आणखी कुणी, मग त्याची बोलीच त्याला पकडून देते. तो गालीलचा, बोलण्याची ढब लपत नाही. गावाकडची भाषा शहरात कशी उघडी पडते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तो शपथा घालून म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो. लूक इथे एक गोष्ट सांगतो जी बाकीचे सांगत नाहीत : प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं.

आता यहूदाकडे या, कारण त्याची गोष्ट आपण घाईने वाचतो. मत्तयाच्या २७ व्या अध्यायात त्याला पस्तावा होतो. तो पैसे परत घेऊन मंदिरात जातो. “मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केले आहे,” हे तो कबूल करतो. पाप ओळखणं, कबुली, घेतलेलं परत करणं, हे तिन्ही त्याने केलं. आणि ज्यांचं कामच पाप्याचं ऐकण्याचं होतं ते काय म्हणाले? “त्याचे आम्हांला काय? तुझे तू पाहून घे.”

याहून भयंकर वाक्य मला शास्त्रात सापडत नाही. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला.

पेत्राचं पाप लहान होतं म्हणून तो वाचला असं मला वाटत नाही. तो रडला, आणि रडून झाल्यावर इतरांबरोबर राहिला. त्याच्यासाठी आधीच प्रार्थना झाली होती. “तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे,” असं येशूने त्याला जेवतानाच सांगितलं होतं. कबरेजवळच्या तरुणाने बायकांना निरोप दिला तो असा : त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचं नाव वेगळं घेतलं. यहूदाला असा निरोप पोचण्याआधीच तो गेला होता.

म्हणून कुणी चूक कबूल करायला येतं तेव्हा मंडळीने काय बोलू नये ते मत्तयाने लिहून ठेवलं आहे. आणि तुम्ही स्वतःच त्या रात्रीत असाल, जगणं नकोसं होत असेल, तर एकटे राहू नका. घरातल्या कुणाला, मित्राला, डॉक्टरांना, पाळकांना आजच सांगा. एकाने झिडकारलं तर दुसऱ्याकडे जा.

यहूदा नरकातच गेला का?

प्रेषितांची कृत्ये म्हणतं की तो ‘आपल्या ठिकाणी’ गेला. येशूचे शब्दही कडक आहेत. तरी रोमन कॅथलिक चर्चने आजवर कुणाही माणसाचं नाव घेऊन तो नरकात आहे असं अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. फ्रान्समधल्या व्हेझले गावात १२ व्या शतकातलं मोठं चर्च आहे. तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला फासावर लटकलेला यहूदा कोरलाय, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन चाललाय. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेतात तसं. तो चांगला मेंढपाळच असावा, असं अनेक जण मानतात. मला ते शिल्प सिद्धांत म्हणून नको आहे. प्रार्थना म्हणून पुरे आहे.

क्षमा केली म्हणजे पुन्हा पूर्वीसारखा विश्वास ठेवलाच पाहिजे का?

नाही. हे उत्तर मी दारात सर्वांत जास्त वेळा दिलं आहे.

योहानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक लहानशी नोंद आहे. वल्हांडणाच्या सणात पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केलं नाही, कारण माणसाच्या मनात काय असतं हे त्याला ठाऊक होतं. ‘विश्वास ठेवला’ आणि ‘हवाली केलं’ या दोन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. ज्यांच्यासाठी तो मरणार होता, त्या सगळ्यांवर त्याने आपला भरवसा टाकला नाही.

आणि मग जुन्या करारातला योसेफ. भावांनी त्याला विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, किंमत चांदीची २० नाणी. ते मिसरात धान्यासाठी त्याच्यासमोर वाकले तेव्हा वीसेक वर्षं उलटली होती. त्याने त्यांच्या गोण्या भरून दिल्या, पैसेही गुपचूप परत ठेवले, म्हणजे सूड मनात नव्हता. पण ओळख मात्र लगेच दिली नाही. त्याने त्यांना पारखलं. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवला आणि वाट पाहिली : हे भाऊ आता या धाकट्यालाही सोडून जातात का?

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट सहज दिसते. योसेफाला विकू या म्हणणारा भाऊ कोण? यहूदा. आपल्या शास्त्रात याकोबाचा हा मुलगा आणि तो इस्कर्योत, दोघांचं नाव अक्षर न् अक्षर एकच. हाच पहिला यहूदा पुढे बापाला म्हणतो की मी बन्यामिनाबद्दल जामीन राहतो, त्याला माझ्या हातून मागून घ्या. आणि प्याला सापडल्यावर तो पुढे येऊन योसेफाला विनवतो की पोराच्या जागी मला गुलाम करा, पण त्याला बापाकडे जाऊ द्या. ते ऐकल्यावर योसेफाला रडू आवरत नाही. ओळख तो तेव्हा देतो, त्याआधी नाही.

क्षमा योसेफाच्या बाजूने आधीच तयार होती. भरवसा परत आला तो समोरचा बदलल्याचं दिसल्यावर. तुम्ही हा वेळ घेत असाल तर तुमची क्षमा खोटी ठरत नाही.

जोडीदाराने फसवलं. होशेयासारखं परत घ्यायलाच हवं का?

संदेष्टा होशेयाने व्यभिचार केलेल्या आपल्या बायकोला, गोमेरला, परत आणलं, तिच्यासाठी चांदीचे १५ शेकेल आणि जव मोजून दिले. ती गोष्ट देव इस्राएलावर कशी प्रीती करतो हे सांगण्यासाठी आहे. ती वाचून कुणा बाईला मार खायला किंवा पुन्हा पुन्हा फसायला परत पाठवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात व्यभिचाराच्या बाबतीत येशू स्वतः अपवाद सांगतो. एकत्र राहून नातं पुन्हा उभं करणारी जोडपीही मी पाहिली आहेत, पण त्यांतलं एकही ‘झालं गेलं विसरून जा’ या वाक्यावर उभं राहिलेलं नाही.

छळाच्या वेळी विश्वास नाकारलेल्यांना मंडळीने परत घेतलं का?

घेतलं, पण भांडून भांडून. सम्राट डेसियसने इ.स. २५० च्या सुमारास सगळ्यांना देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यायला लावला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये कित्येकांनी यज्ञ केला, कित्येकांनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. तिथले बिशप सिप्रियन यांच्या पुढाकाराने २५१ मध्ये परिषद भरली आणि प्रत्येकाची चौकशी वेगळी करायची असं ठरलं. ज्यांनी फक्त दाखला घेतला होता त्यांना प्रायश्चित्तानंतर आत घेतलं; यज्ञ केलेल्यांना जास्त थांबावं लागलं. सिप्रियन स्वतः २५८ मध्ये हुतात्मा झाले.

मग ३०३ मध्ये डायोक्लेशनने पवित्र ग्रंथ जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी ग्रंथ काढून दिले त्यांना लॅटिनमध्ये ‘त्रादितोर’ म्हणू लागले, म्हणजे हवाली करणारे. पुन्हा तोच शब्द. आर्ल इथल्या ३१४ च्या परिषदेने ठरवलं की सरकारी दप्तरावरून असं सिद्ध झालेल्या सेवकाला पदावरून काढावं. मात्र त्याने ज्यांना सेवकपदाची दीक्षा दिली त्यांची दीक्षा रद्द धरू नये. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. एकाच्या पडण्याची किंमत त्याच्या कळपाने का मोजावी? आणि प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनात, जागा मिळणं आणि हातात अधिकार मिळणं या दोन गोष्टी आजही वेगळ्याच ठेवायला हव्यात.

ख्रिस्ती झालो म्हणून घरचे मला विश्वासघातकी म्हणतात. काय करू?

महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या पहिल्या पिढीने हे ऐकलं आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ती सत्याशी इमानदारी होती. लक्ष्मीबाईंवर आणि माहेरच्यांवर ती कुऱ्हाड होती. मागे राहिलेल्या बाईचं ते दुःख लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय, आणि ते सोडून टिळकांची गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही. काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे परतल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

तेव्हा घरच्यांचं दुखणं खोटं ठरवू नका. जितकं नातं ठेवता येईल तितकं ठेवा : दवाखान्यात रात्री थांबा, आईला फोन करा. वाट पाहायला शिका.

विश्वासघात मीच केला आहे. आता?

योहानाच्या २१ व्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्राकाठी कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. नव्या करारात हा ग्रीक शब्द दोनदाच येतो : एकदा पेत्राने नाकारलं त्या अंगणात, आणि एकदा इथे. येशूने त्याला त्याच वासापाशी आणून बसवलं. आधी मासे आणि भाकर खाऊ घातली. मग तीनदा विचारलं, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. दुखावल्याशिवाय ते बोलणं होणारच नव्हतं. तरी प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं, मेंढरांचं.

ज्याला फसवलंत त्याच्याकडे जा. जे घेतलंत ते परत करण्याची तयारी ठेवून जा. तो क्षमा करीलच अशी अट घालू नका. आणि तीमथ्याला लिहिलेली ओळ बरोबर न्या : आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

ज्याने मला फसवलं तोच प्रभुभोजनाला शेजारी असतो. मी पुढे जाऊ की नको?

याचं उत्तर मला घरातल्या एका प्रसंगातून मिळालं.

माझ्या वडिलांनी मंडळीतल्याच एका घरोब्याच्या माणसाला पतसंस्थेत जामीन दिला होता. रक्कम ४०,००० रुपये. एका दुपारी पोस्टमन नोटीस घेऊन आला. नोटिशीत वडिलांच्या नावापुढे टाइप केलं होतं ‘जामीनदार’, आणि त्यावर जांभळा शिक्का थोडा तिरका उमटला होता. कर्जदाराने वर्षभर एक हप्ता भरला नव्हता आणि रोज भेटूनही शब्दाने सांगितलं नव्हतं. आईने पाटल्या मोडल्या.

पुढचे कित्येक महिने वडील प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि पेला घेण्याच्या वेळी, काही न घेता बसून राहत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब म्हणत, “ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली,” आणि वडील मान खाली घालत. करिंथकरांस पत्रातली ती ओळ आहे. प्रत्येक प्रभुभोजन तिथूनच सुरू होतं. ऑगस्टिनसारख्या जुन्या शिक्षकांचं म्हणणं होतं की त्या भोजनात यहूदानेही भाग घेतला.

मग एका रविवारी उपासनेनंतर पायऱ्यांवर वडिलांनी त्याला थांबवलं आणि सरळ विचारलं, “तू मला सांगितलं का नाहीस?” पैसे कधी देणार, असं विचारलं नाही. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात सांगितलंय तसं, दोघांतच. तो माणूस बराच वेळ उभा होता. नंतर त्याने महिन्याला थोडं थोडं करून चार वर्षांत पैसे फेडले. वडिलांनी लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक रक्कम तारखेसकट लिहिली. त्याला पुन्हा कधी जामीन मात्र राहिले नाहीत. त्याने विचारलं तेव्हा शांतपणे नाही म्हणाले.

इब्री लोकांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. ती ओळ मी कितीदा तरी वाचली असेन, पण आता ती वाचताना मला तो तिरका शिक्का दिसतो, आणि आईचे मोकळे हात.

पायऱ्यांवरच्या त्या बोलण्यानंतरच्या प्रभुभोजनाला, एकही रुपया परत आलेला नसताना, वडील त्याच्याच बाकावर बसले. आमच्या चर्चमध्ये लहान पेल्यांचा ट्रे बाकावरून हातोहात पुढे जातो. वडिलांनी आपला पेला उचलला, ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्याकडे दिला.